आधी लवकर, मग उशीर

२६ एप्रिल २०२४ला शुक्रवार होता. अकोला, अमरावती, बुलढाणा, वर्धा, यवतमाळ-वाशिम, हिंगोली, नांदेड आणि परभणी या आठ मतदारसंघांत सकाळी सातपासूनच केंद्रांवर रांगा लागल्या. एप्रिलअखेरच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची हौस कोणाला नसते, म्हणून मतदानही सकाळीच उरकायचं असतं. लोकसभेचा दुसरा टप्पा चालू होता. त्याच सकाळी दिल्लीत न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी व्हीव्हीपॅटच्या खटल्याचा निकाल दिला. जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत त्या घटकेला जे यंत्र ‘बीप’ करत होतं, त्यावर भरवसा ठेवायचा की नाही, असा तो खटला होता.

निकाल लागला : ठेवायचा. दुसरा कुठला लागू शकत होता? पहिल्या टप्प्यातल्या १०२ जागांचं मतदान होऊन आठवडा लोटला होता, ८८ जागांचं चालू होतं. यंत्र बाजूला ठेवा असं त्या सकाळी म्हणायचं, तर देशाच्या एक तृतीयांश जागांवरची मतं पाण्यात घालायची. न्यायमूर्तींनी हे कारण म्हणून लिहिलेलं नाही; त्यांनी यंत्राच्या बाजूने तांत्रिक कारणं सविस्तर दिली आहेत. पण याचिका २०२३ची होती. निवडणूक एप्रिल-मेमध्ये येणार हे पाच वर्षं आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. तरी निकालाला मुहूर्त मिळाला तो मतदानाच्या दिवसाचा.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या निवडणूक खटल्यांचे कागद चाळताना नजर पुन्हा पुन्हा याच जागी अडते. आपण वाद घालतो तो यंत्र, निवडणूक आयोग, पैसा आणि मतदारयादी यांवर. निकाल मात्र पुष्कळदा तारखेवर लागतो. याचिका निवडणुकीच्या फार आधी आली, तर घाई काय आहे? ऐन निवडणुकीत आली, तर आता हात लावता येणार नाही. निवडणूक झाल्यावर आली, तर आता तुम्ही पुरावा आणा.

व्हीव्हीपॅटचंच पाहू. मतदाराने बटण दाबलं की काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पेटीत पडते. नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत २०१३च्या सप्टेंबरात ही सोय पहिल्यांदा वापरली गेली. पुढच्याच महिन्यात सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ती टप्प्याटप्प्याने सगळीकडे आणायला सांगितली. मग प्रश्न आला, चिठ्ठ्या मोजायच्या किती? आयोग विधानसभा मतदारसंघामागे एका केंद्रातल्या मोजत होता. चंद्राबाबू नायडूंसह एकवीस पक्षांचे नेते निम्म्या मोजा म्हणून न्यायालयात गेले. ८ एप्रिल २०१९ला न्यायालयाने एकाच्या जागी पाच केंद्रं केली. पहिल्या टप्प्याचं मतदान तेव्हा तीन दिवसांवर आलं होतं. म्हणजे मनात आणलं तर ऐन वेळीही हात घालता येतो.

२०२४च्या याचिकेत असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, म्हणजे एडीआर, आणि इतरांच्या मागण्या तीन होत्या : मतपत्रिका परत आणा, नाहीतर चिठ्ठी मतदाराच्या हातात देऊन त्यालाच पेटीत टाकू द्या, तेही नाही तर सगळ्या चिठ्ठ्या मोजा. तिन्ही फेटाळल्या. न्या. दत्ता यांनी वेगळ्या निकालपत्रात याचिकाकर्त्यांच्या हेतूविषयीही शंका घेतली. ते मला अनाठायी वाटतं. पण पुराव्याच्या बाबतीत याचिकेची बाजू लंगडी होती हेही खरं. तोवरच्या पडताळणीत तफावत सापडली ती आंध्रातल्या मैदुकूरच्या एका केंद्रावर, आणि तिथे सकाळच्या मॉक पोलची, म्हणजे चाचणी मतदानाची, मतं पुसायची राहून गेली होती. एवढ्यावर देशाची मतमोजणी बदला म्हणणं कठीणच होतं.

तरी न्यायालयाने जाता जाता दोन गोष्टी दिल्या. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं भरणारं जे छोटं यंत्र असतं, ते १ मेपासून सीलबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवायचं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालापासून सात दिवसांत पैसे भरून, विधानसभा क्षेत्रामागे पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल. एका संचाचा दर आयोगाने ठरवला ४० हजार रुपये, वर जीएसटी. लोकसभेच्या निकालानंतर देशभरातून ज्या आठ पराभूत उमेदवारांनी हा हक्क बजावायला अर्ज केले, त्यांत अहमदनगरचे सुजय विखे होते, भाजपचे! ज्या पक्षाचे प्रवक्ते यंत्रावर संशय घेणाऱ्यांना रोज झोडपत होते, त्याच पक्षाच्या उमेदवाराला चाळीस केंद्रांची यंत्रं तपासून हवी होती. हरलेल्याला शंका येते, पक्ष कोणता का असेना.

पुढे या तपासणीवरूनही वाद झालाच. न्यायालयाने म्हटलं होतं यंत्राच्या आतली ‘मेमरी’ तपासा. आयोगाने पद्धत आखली ती यंत्रात नव्याने मतं टाकून आकडा जुळतो का हे पाहण्याची. पुन्हा न्यायालयाची पायरी. ११ फेब्रुवारी २०२५ला, तोवर सरन्यायाधीश झालेल्या खन्नांनी, दत्तांच्याच साथीला बसून, आयोगाला सांगितलं की तपासताना यंत्रातली माहिती पुसू नका, नवी भरू नका, आणि ४० हजार जरा जास्तच होतात. लोकसभेच्या निकालाला तेव्हा आठ महिने होऊन गेले होते.

*

या सगळ्याचं मूळ एका जुन्या खटल्यात आहे. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक चालू असताना मद्रास राज्यातल्या नामक्कल मतदारसंघात एन. पी. पोन्नुस्वामी नावाच्या उमेदवाराचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने बाद केला. ते उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात. २१ जानेवारी १९५२ला निकाल लागला. राज्यघटनेच्या कलम ३२९(ख) प्रमाणे निवडणुकीला आव्हान द्यायचं ते निवडणूक याचिकेनेच, आणि निवडणूक म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी वाटचाल. मध्येच कोणी कोर्टात जाऊन खोडा घालायचा नाही. काय तक्रार असेल ती शेवटी करा.

ही शेवटची याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. कायदा म्हणतो, ती सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रयत्नच! राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या रायबरेलीतल्या निवडीला १९७१ साली आव्हान दिलं. अलाहाबादला निकाल लागला १२ जून १९७५ला. देशाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली निवडणूक याचिका चार वर्षं चालली, तर आमदार-खासदारांच्या बाकीच्या याचिकांचं काय होत असेल ते सांगायला नको. पाच वर्षांची मुदत संपली म्हणून याचिकाच निरर्थक ठरल्याचे प्रकार भरपूर आहेत.

पोन्नुस्वामी निकालाला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्यामागचं शहाणपण आपल्या महाराष्ट्राएवढं कोणाला कळणार? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे खटले सर्वोच्च न्यायालयात पडून राहिले, आणि मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक सगळीकडे प्रशासक बसले. न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं फर्मावलं ते ६ मे २०२५ला. तीन वर्षं नगरसेवकच नव्हते, गटाराची तक्रार करायची तरी कोणाकडे? लोकसभेच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून पोन्नुस्वामीचा अडसर आहे आणि तो असावा, असं मी मानतो. अडचण त्या अडसराची नाही. मधला दरवाजा बंद ठेवायचा असेल, तर आधीचा दरवाजा वेळेवर उघडायला हवा. तो उघडत नाही.

निवडणूक रोख्यांची योजना २०१७च्या अर्थसंकल्पात आली आणि त्याच वर्षी तिला आव्हान मिळालं. २०१८ला रोखे विकायला सुरुवात झाली. १२ एप्रिल २०१९ला, म्हणजे त्या वर्षीच्या लोकसभेच्या पहिल्या टप्प्याच्या दुसऱ्या दिवशी, न्यायालयाने पक्षांना देणग्यांचा तपशील बंद लिफाफ्यात आयोगाकडे द्यायला सांगितलं. लिफाफे बंदच राहिले. १५ फेब्रुवारी २०२४ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर १६ हजार ५१८ कोटींचे रोखे विकून झाले होते आणि एक अख्खी लोकसभा त्या पैशावर लढवून झाली होती. स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली. नवं सरकार शपथ घेऊन मोकळं झाल्यावरची तारीख! न्यायालयाने ती फेटाळली, म्हणून कोणी कोणाला किती दिले हे मतदानाआधी लोकांपुढे आलं. हा एक निकाल असा, की ज्यात न्यायालयाने तारखेचं राजकारण ओळखलं. पण सात वर्षांनी.

*

सगळ्यांत कमी कळलेला आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा वाद सतरा-सी फॉर्मचा आहे. तो समजायला संध्याकाळी सहा वाजता मतदान केंद्रात उभं राहावं लागतं. सहा वाजले की केंद्राध्यक्ष रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटतो. वाटायला सुरुवात करायची रांगेच्या शेपटापासून, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. शेवटच्या चिठ्ठीवाल्याचं मत झालं की कंट्रोल युनिटवरचं ‘क्लोज’ बटण दाबायचं. त्यानंतर ते यंत्र मत घेत नाही. मग ‘टोटल’. पडद्यावर आकडा येतो. तो मतदार नोंदवहीतल्या सह्या-अंगठ्यांशी जुळवायचा आणि फॉर्मवर उतरवायचा : केंद्रावर मतदार किती, नोंदवहीत नाव चढलेले किती, नाव चढवून मत न देताच परत गेलेले किती, यंत्रातली मतं किती, यंत्राचा क्रमांक काय, कागदी सीलचे क्रमांक काय. याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला द्यायची असते. दिवसभर वडापावावर काढलेला एजंट ती घडी घालून खिशात ठेवतो. मतमोजणीच्या दिवशी यंत्र उघडलं की पहिल्यांदा हाच आकडा जुळवायचा असतो. पेटीतली मतं रात्रीतून वाढली किंवा घटली, तर पकडणारा हा एकच कागद.

आता १९ एप्रिल २०२४. पहिल्या टप्प्याच्या संध्याकाळी आयोगाने सांगितलं, ६० टक्क्यांवर मतदान झालं. अंतिम आकडा आला ३० एप्रिलला, अकरा दिवसांनी : ६६.१४ टक्के. दुसऱ्या टप्प्याचं साधारण ६१चं ६६.७१ झालं. संध्याकाळचा आकडा कच्चा असतो, लांबच्या केंद्रांवरून माहिती यायला रात्र उलटते, रांगेतले लोक सातनंतरही मत देतात, वाढ होतेच. पण अकरा दिवस? आणि तेही नुसते टक्के? प्रत्यक्ष किती माणसांनी मत दिलं हा आकडा आयोग द्यायलाच तयार नव्हता.

एडीआर न्यायालयात गेली : प्रत्येक टप्प्यानंतर ४८ तासांत केंद्रनिहाय सतरा-सी संकेतस्थळावर टाका. मूळ याचिका २०१९ची होती, तेव्हाच्या लोकसभेनंतर दाखल झालेली, महुआ मोइत्रांच्या याचिकेसोबत पडून असलेली. आयोगाने लांबलचक प्रतिज्ञापत्र दिलं. फॉर्म एजंटला द्यायचा असा नियम आहे, जगाला दाखवायचा असा नाही. छायाचित्रात फेरफार करून कोणी गोंधळ माजवू शकतो. हा युक्तिवाद वाचून मी थक्क झालो. जो कागद प्रत्येक उमेदवाराच्या माणसाकडे आधीच आहे, त्यात फेरफार करून कोणी फसवणार असेल तर त्यावर औषध एकच, अस्सल कागद सगळ्यांपुढे ठेवणं.

२४ मेला न्या. दत्ता आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या सुटीकालीन खंडपीठाने अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. पाच टप्पे झाले, दोन राहिले, आयोगाने आता माणसं कुठून आणायची, निवडणुकीत हात घालायला नको. सहावा टप्पा दुसऱ्या दिवशी होता. आणि गंमत पहा, त्या दुसऱ्याच दिवशी आयोगाने स्वतःहून पाचही टप्प्यांचे मतदारसंघवार आकडे, टक्के नव्हे, माणसांचे आकडे, जाहीर केले. म्हणजे देता येत होते. मूळ याचिका १८ मार्च २०२५ला पुन्हा पुकारली गेली, तेव्हा न्यायालयाने याचिकाकर्त्यांना दहा दिवसांत आयोगाकडे निवेदन द्यायला सांगितलं. पाच वर्षांपूर्वी कोर्टात गेलेल्यांना सांगितलं, अर्ज करून बघा.

*

मत हिरावलं जाण्याचे जाडेभरडे प्रकार सगळ्यांना दिसतात. २०२४च्या लोकसभेला सुरतेत काँग्रेसच्या नीलेश कुंभाणींच्या सूचकांनी, अर्जावरच्या सह्या आमच्या नव्हेत, असं लिहून दिलं. अर्ज बाद झाला, पर्यायी उमेदवाराचाही बाद, उरलेल्यांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. सोळा लाखांवर मतदारांना बटणच दाबता आलं नाही, ‘नोटा’चंही नाही. लिंबायत-उधन्याचे आपले खानदेशी लोक सुरत शहरातच राहतात, पण मतदारसंघाने नवसारीत मोडतात, म्हणून त्यांचं मत वाचलं. इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी माघार घेतली, तिथे यंत्रावर ‘नोटा’ होता. २ लाख १८ हजार ६७४ लोकांनी तो दाबला.

यादीतून नाव उडणं याला मात्र आवाज नसतो. १७ एप्रिल २०१४ला पुण्यात हजारो लोक केंद्रावर गेले आणि परत आले. हातात मतदार ओळखपत्र, मागच्या निवडणुकीत मत दिलेलं, पत्ता तोच. यादीत नाव नाही. आठवड्याने मुंबईत तेच झालं. बँकिंगमधल्या दीपक पारेख यांच्यासारख्या नामांकित माणसाचं नाव सापडेना. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यातली मंडळी उच्च न्यायालयात गेली. निकाल थांबला नाही, मतही मिळालं नाही.

मिळणारही नव्हतं. कायद्याची रचनाच तशी आहे. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. २०२४ला मुंबईतलं मतदान २० मेला होतं आणि अर्जाची शेवटची तारीख ३ मे. आता आपल्यापैकी किती जण ३ मेच्या आधी यादी उघडून बघतात? बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, बहुधा शाळेतली शिक्षिका किंवा अंगणवाडीताई, मतदानाच्या आधीच्या आठवड्यात चिठ्ठ्या वाटत येते. शेजारच्यांची आली, आमची नाही आली, हे कळतं तेव्हा यादी गोठून दोन आठवडे झालेले असतात. नाव वगळण्याआधी नोटीस द्यावी, म्हणणं ऐकून घ्यावं, पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता यावं, सगळं कायद्यात आहे. पण ज्याला नाव गेल्याचं कळलंच नाही, तो अपील कशावर करणार?

इथे एक उफराटी गोष्ट सांगितली पाहिजे. तुमच्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल, तर कायदा तुम्हाला हात देतो. केंद्राध्यक्ष ओळख पटवतो आणि कागदाची मतपत्रिका देतो. यंत्रावर नाही. तिच्या मागे शिक्का असतो, ती वेगळ्या लिफाफ्यात जाते. हे प्रदत्त मत. केंद्रावरच्या भाषेत ‘टेंडर व्होट’. समोरचा माणूस बोगस आहे असं एजंटला वाटलं, तर दोन रुपये भरून त्यालाही आक्षेप घेता येतो. पण तुमचं नावच यादीत नसेल, तर यातलं काही नाही. चोरी झालेल्याला लिफाफा तरी मिळतो. वगळलेल्याला घरचा रस्ता.

लिफाफ्याचं तरी पुढे काय होतं? मुंबई उत्तर-पश्चिममध्ये ४ जून २०२४ला यंत्रांची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते : ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. त्या मतदारसंघात ३३३ प्रदत्त मतं पडली होती, अशी कीर्तिकरांच्या याचिकेत नोंद होती. ४८चा फरक आणि ३३३ माणसं अशी, की ज्यांच्या नावावर दुसरंच कोणीतरी यंत्राचं बटण दाबून गेलं! प्रदत्त मतं एरवी मोजतच नाहीत. कोर्टाने सांगितलं तरच. १९ डिसेंबर २०२४ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, आणि तीही साक्षीपुरावा न घेता, दारातच : अवैध मतांचा निकालावर नेमका परिणाम कसा झाला, ती मतं कोणाला गेली, याचा तपशील याचिकेत नाही. मत गुप्त असतं. ते कोणाला गेलं हे याचिकेतच कसं लिहायचं, हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत घालण्याजोगा आहे.

यादीच्या बाबतीत न्यायालयाने काही केलंच नाही असं नव्हे. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात मुंबईतल्या आणि दिल्लीतल्या वस्त्यांमध्ये हजारोंना नोटिसा गेल्या, नागरिकत्व सिद्ध करा नाहीतर नाव जाईल. फेब्रुवारी १९९५मध्ये, महाराष्ट्रात विधानसभेचा प्रचार चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने लालबाबू हुसेन खटल्यात ती कारवाई रद्द केली. यादीत आधीपासून नाव असलेला माणूस नागरिक आहे असं धरून चालायचं, शंका असेल तर नेमकी शंका सांगून, त्याचं ऐकून मग ठरवायचं. तीस वर्षांनी बिहारमध्ये पुन्हा हाच प्रश्न उभा राहिला. आयोगाने २४ जून २०२५ला सखोल पुनरीक्षण काढलं आणि १ ऑगस्टच्या मसुदा यादीतून ६५ लाख नावं कमी झाली. मृत, स्थलांतरित, दुबार, असे ढोबळ आकडे दिले, नावं नाहीत. १४ ऑगस्टला न्या. सूर्यकांत आणि न्या. जयमाल्य बागची यांनी आयोगाला सांगितलं, केंद्रनिहाय सगळी नावं जाहीर करा, प्रत्येकापुढे कारण लिहा. काही दिवसांत याद्या लागल्या. यंत्राच्या खटल्यांना वर्षं गेली. इथे एका साध्या आदेशाने, नाव आणि कारण भिंतीवर लावा एवढ्याने, वगळलेल्या माणसाला आपण वगळलो गेलो हे वेळेत कळायची सोय झाली. निवडणूक तेव्हा जाहीर व्हायची होती.

महाराष्ट्रात २०२४च्या लोकसभा आणि विधानसभा यांच्यामधल्या जेमतेम सहा महिन्यांत सुमारे चाळीस लाख मतदार वाढले, यावरून रण माजलं. आयोग म्हणतो, तरुणांची नोंदणी झाली, मोहीम घेतली. विरोधक म्हणतात, बोगस. त्या वादात मी पंच होणार नाही. पण एक आकडा विरोधकांनाही टोचायला हवा : त्यानंतरच्या जानेवारी २०२५च्या यादीवर राज्यातून जिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलं गेली ८९ आणि वरचं दुसरं अपील एक, असं आयोगाकडून सांगण्यात आलं. मुंबईत पत्रकार परिषद घ्यायला नेते असतात. बूथवर बसून यादीतली दुबार आणि मेलेली नावं हुडकायला कार्यकर्ता नसतो. असला तर निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस.

*

पुराव्याचीही मुदत ठरलेली असते. चंदीगडच्या महापौर निवडणुकीत ३० जानेवारी २०२४ला निवडणूक अधिकाऱ्याने आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या. एकूण मतं ३६. तो हे करताना कॅमेऱ्यात दिसत होता, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघतही होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी चित्रफीत भर न्यायालयात पाहिली, मतपत्रिका मागवल्या, आणि २० फेब्रुवारीला निकाल फिरवला. तीन आठवडे लागले. चित्रफीत नसती तर?

त्याच वर्षी ९ डिसेंबरला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणा विधानसभेच्या एका प्रकरणात मतदान केंद्राचं चित्रण आणि सतरा-सीच्या प्रती अर्जदाराला द्या असा आदेश दिला. २० डिसेंबरला केंद्र सरकारने निवडणूक नियमांतला ९३वा नियम बदलला. इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांना बघण्याच्या कक्षेतून गेल्या. अकरा दिवसांत. एरवी सरकारी फाईल एवढ्या वेळात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. ३० मे २०२५ला आयोगाने कळवलं, निवडणूक याचिका नसेल तर चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करा. मतदाराची खासगी बाब जपायला हवी, हे आयोगाचं म्हणणं सर्वस्वी खोटं नाही. पण याचिका करायला मुदत ४५ दिवस, याचिकेत तपशील हवा असा उच्च न्यायालयांचा आग्रह, आणि तपशील ज्यात आहे ते चित्रण सामान्य माणसाला बघता येत नाही.

विक्रोळीच्या एका मतदाराने हेच अनुभवलं. महाराष्ट्र विधानसभेला सायंकाळी सहानंतर ७५ लाखांवर मतं पडली, त्याचा हिशेब द्या, अशी त्यांची याचिका प्रकाश आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात लढवली. २५ जून २०२५ला ती फेटाळली गेली, न्यायालयाचा वेळ गेला म्हणून नाराजीही ऐकावी लागली. मागण्या अवास्तव होत्या. २८८ जागांचे निकाल एका याचिकेने रद्द होत नसतात. पण सहानंतरच्या रांगेत वाटलेल्या चिठ्ठ्या किती, हा प्रश्न अवास्तव नव्हता. केंद्राध्यक्षाने त्या मोजूनच दिलेल्या असतात.

राहिला पंचांच्या नेमणुकीचा खटला. २ मार्च २०२३ला न्या. के. एम. जोसेफ यांच्या घटनापीठाने ठरवलं, संसद कायदा करेपर्यंत निवडणूक आयुक्त पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने निवडावेत. डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला. दोन विरुद्ध एक, निकाल आधीच ठरलेला. कायद्याला आव्हान मिळालं. ९ मार्च २०२४ला, निवडणूक जाहीर व्हायला आठवडा असताना, आयुक्त अरुण गोयल यांनी राजीनामा दिला. १४ तारखेला ज्ञानेश कुमार आणि सुखबीर संधू यांची नेमणूक झाली, १६ला निवडणूक जाहीर झाली, २१ला न्यायालयाने स्थगिती नाकारली. निवडणूक तोंडावर असताना गोंधळ उडेल म्हणून.

पुढची सुनावणी १९ फेब्रुवारी २०२५ला ठेवली होती. मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार निवृत्त व्हायचे होते, म्हणून निवड समितीची बैठक १७ला झाली. विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी दोन दिवस थांबा असं म्हणून मतभेदाचं टिपण दिलं. त्याच रात्री ज्ञानेश कुमार यांच्या नेमणुकीची अधिसूचना निघाली. १९ला खटला बोर्डावर आला आणि पुढे ढकलला गेला. ज्ञानेश कुमार यांची मुदत २६ जानेवारी २०२९पर्यंत आहे, आणि लोकसभेची पुढची निवडणूक त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये व्हायची आहे.